भुताची गोष्ट लिहून घेणारा माणूस

१९७४ साली जपानच्या 'शोनेन जंप' या मुलांच्या साप्ताहिकात दाइजिरो मोरोहोशी या तरुण चित्रकाराने एक वेगळाच नायक आणला. हिएदा रेइजिरो त्याचे नाव. काळा सूट, लांब केस, पेशाने पुरातत्त्वज्ञ आणि विद्यापीठातल्या मंडळींनी जवळजवळ वाळीत टाकलेला. मालिकेचे नाव 'योकाई हंटर'. योकाई म्हणजे आपल्याकडची भुते, आसरा, जागृत जागा, वेशीवरचे रखवालदार अशा सगळ्या गोतावळ्याला मिळून एक शब्द. नावात शिकारी असला तरी हिएदा शिकार क्वचितच करतो. तो आडगावी जातो, ओस पडलेले देऊळ किंवा जुने थडगे बघतो, म्हाताऱ्यांना विचारतो, जुन्या पोथ्यांतले आठवून ताडून पाहतो. शेवटी जे भयंकर घडायचे ते घडतेच. त्या वेळी हा माणूस बहुतेकदा साक्षीदार असतो.

'सेइमेइ नो कि' म्हणजे 'जीवनवृक्ष' ही त्याची १९७६ची कथा प्रसिद्ध आहे. ईशान्य जपानच्या डोंगरात एक वस्ती आहे. बंदीच्या काळात लपून ख्रिस्ती राहिलेल्या लोकांची ती वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या पाद्री नाही, पुस्तक नाही. त्यामुळे त्यांची सृष्टीच्या उत्पत्तीची कथाच बदलून गेली आहे. कथेतला गाव कल्पित आहे, पण क्यूशू बेटावरच्या लपलेल्या ख्रिस्ती लोकांमध्ये अशी बदललेली कथा खरोखरच सापडलेली आहे. मोरोहोशीचे बळ इथे दिसते. त्याने भूत डोक्यातून काढले नाही, लोकांच्या तोंडी असलेल्या गोष्टीतून उचलले. पुढे या मालिकेवर १९९१ साली 'हिरुको' आणि २००५ साली 'किदान' असे दोन चित्रपट झाले. युकिनोबु होशिनो या दुसऱ्या चित्रकाराने प्राध्यापक मुनाकाता नावाचा लोककथांचा अभ्यासक उभा केला, आणि २००९ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने त्या चित्रांचे प्रदर्शन भरवले.

हा नायक मोरोहोशीला कुठून मिळाला? त्याच्या आडनावातच एक खूण आहे. 'कोजिकी' हा जपानचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना इतिहासग्रंथ ७१२ साली लिहिला गेला, तो हिएदा नो आरे या व्यक्तीच्या पाठांतरावरून. राजवाड्यातल्या जुन्या कथा आरेच्या मुखी होत्या, लेखणी दुसऱ्याच्या हाती. मोरोहोशीने आपल्या नायकाला त्या लक्षात ठेवणाऱ्याचे नाव दिले. पण त्याच्या पाठीशी आणखी दोन माणसे उभी आहेत, आणि ती अलीकडची, हाडामांसाची आहेत.

पहिले इनोउए एन्र्यो. बौद्ध मठात जन्मलेले तत्त्वज्ञ. १८८७ साली त्यांनी तोक्योत तत्त्वज्ञानाची शाळा काढली, तिचेच आज तोयो विद्यापीठ झाले आहे. लोक त्यांना 'भुतांचे डॉक्टर' म्हणत. बांबूच्या तीन काड्यांवर ताट ठेवून आत्म्याला बोलावण्याचा खेळ तेव्हा जपानभर पसरला होता, आपल्याकडच्या प्लँचेटसारखाच. ताट हलवतात ती नकळत थरथरणारी माणसांचीच बोटे, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांनी भुतांची प्रतवारीही केली. माणसाने मुद्दाम केलेले ते एक, चुकीच्या समजातून झालेले ते दुसरे, निसर्गाच्या नियमाने घडणारे पण आपल्याला न कळलेले ते तिसरे. या तिन्ही गाळण्यांतून जे उरेल तेच खरे गूढ, असे ते मानत. १९१९ साली चीनमधल्या दालियान शहरी व्याख्यानाच्या दौऱ्यावर असतानाच त्यांचे निधन झाले.

दुसरे यानागिता कुनिओ. सरकारी अधिकारी. तोनो या डोंगरी भागातला सासाकी किझेन नावाचा तरुण त्यांना भेटला आणि गावाकडच्या गोष्टी सांगू लागला. डोहातले काप्पा नावाचे भूत, डोंगरातली माणसे, घरात लहान मुलासारखा वावरणारा आत्मा. यानागितांनी त्या ऐकल्या, १९०९च्या ऑगस्टमध्ये स्वतः तोनोला जाऊन आले, आणि १९१० साली ११९ गोष्टींचे 'तोनो मोनोगातारी' स्वखर्चाने छापले. पहिल्या प्रती ३५०. एन्र्योंना भूत घालवायचे होते. यानागितांना घालवण्याची घाई नव्हती. कोणी पाहिले, कुठे पाहिले, त्याचे घर कोणते, एवढे नोंदवून ते थांबले. हिएदा रेइजिरोमध्ये हे दोघेही उतरले आहेत. एन्र्योंची शंका त्याच्याकडे आहे आणि यानागितांचे कानही.

आता आपल्याकडे येऊ.

मराठी मुलखात भुताची गोष्ट लिहून घेणाऱ्या माणसाची परंपरा जपानपेक्षा जुनी आहे, आणि तिचा उगम मराठवाड्यात आहे. गुणाढ्याची कथा 'कथासरित्सागरा'त येते. प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाचा तो मंत्री. राजाला संस्कृत व्याकरण शिकवण्यावरून शर्ववर्म्याशी पैज लागली. गुणाढ्य हरला, आणि पैजेप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडल्या. बोलायला भाषाच उरली नाही तेव्हा तो विंध्याच्या रानात गेला. तिथे काणभूती नावाचा पिशाच होता. गुणाढ्य पिशाचांची भाषा शिकला आणि काणभूतीने सांगितलेल्या कथा त्याने सात वर्षे बसून सात लाख श्लोकांत उतरवून घेतल्या. रानात शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्ताने. शिष्यांनी पोथी पैठणला राजाकडे नेली. पिशाचांची भाषा आणि रक्ताची अक्षरे बघून राजाने ती परत पाठवली. मग गुणाढ्याने अग्नी पेटवला. एकेक पान मोठ्याने वाचायचे आणि आगीत टाकायचे. भोवती रानातली जनावरे चारा सोडून ऐकत उभी राहिली. राजाला उशिरा कळले, तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. एक लाख वाचले.

आता ही कथाच आहे, इतिहास नव्हे. तरीही अभ्यासकाने ती पुन्हापुन्हा वाचावी असे मला वाटते, कारण या कामातले सगळे धोके तिच्यात आधीच सांगून ठेवले आहेत. सांगणारा समाजाबाहेरचा असतो. त्याची भाषा शिकावी लागते. ती शिकायला आपली प्रतिष्ठेची भाषा बाजूला ठेवावी लागते. आणि लिहून आणलेले दरबारात कोणी हातात धरत नाही.

तेराव्या शतकात म्हाइंभटांनी हेच काम खरोखर केले. महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करायला ते ज्याने ज्याने स्वामींना पाहिले त्याच्याकडे गेले. ऋद्धिपूरला नागदेवाचार्यांच्या सोबतीने त्यांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठीतला हा सर्वांत जुना गद्यग्रंथ. तो चमत्कारांचा संग्रह म्हणून वाचणारे वाचोत. मला त्यातली शिस्त मोलाची वाटते. एकच प्रसंग दोघांनी वेगळा सांगितला तर महानुभावांच्या परंपरेने दोन्ही पाठ सांगणाऱ्याच्या नावासह जपले. 'स्थानपोथी'त तर देवळाचे तोंड कुठे, स्वामी बसले ती जागा कुठे, इथवर टिपण आहे. आज ज्याला क्षेत्रकार्य म्हणतात ते याहून फार निराळे नाही.

त्यानंतर मोठा खंड पडतो. पुढचा दुवा एका इंग्रज कलेक्टरचा आहे, आणि तो सांगताना मन दुभंगते. ए. एम. टी. जॅक्सन नाशिकचा कलेक्टर. संस्कृत जाणणारा, 'पंडित जॅक्सन' म्हणून ओळखला जाणारा. मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांना प्रश्नावल्या पाठवून तो लोकसमजुती गोळा करत होता. त्याच जॅक्सनच्या हातून बाबाराव सावरकरांवरची कारवाई झाली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या जॅक्सनला अनंत कान्हेरेने गोळी घातली. कान्हेरे औरंगाबादेत शिकणारा विद्यार्थी. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात तो कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांच्यासह फासावर गेला. जपानात यानागिता तोनोहून परतून पुस्तकाची जुळवाजुळव करत होते, तेच हे महिने. हुतात्म्याचे मोल कलेक्टरच्या विद्वत्तेने कमी होत नाही, आणि त्याने जमवलेली कागदपत्रेही त्याच्या सत्तेबरोबर टाकून देता येत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

ते कागद आर. ई. एन्थोवेनच्या हाती आले. त्यांतून १९१४ साली गुजरातचा आणि १९१५ साली कोकणचा असे दोन खंड निघाले, पुढे १९२४ साली मोठा ग्रंथही झाला. कोकणच्या खंडात वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, चेटक, झोटिंग, जखीण, लावसट, हडळ अशी पंगतच आहे. कोण कशाने मरून काय झाले, कुठल्या झाडावर राहते, काय मागते, कशाने जाते, हे सगळे तपशील आहेत. माझी नजर मात्र पानाच्या तळाशी जाते. तळटीपांत माहिती देणाऱ्याचा हुद्दा आणि गाव छापले आहे. शाळामास्तर, चौक, कुलाबा जिल्हा. नाव नाही, पण गाव आहे. तुटपुंज्या पगारावरच्या कुणा मास्तराने संध्याकाळी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून उत्तरे लिहिली, टपालात टाकली, आणि शंभर वर्षांनी ती आपण वाचतो आहोत.

जॅक्सनची ती प्रश्नावली आमच्या भागात, निलंग्याला, आली नाही. कारण निलंगा मुंबई इलाख्यात नव्हते. ते निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात होते. १९५६ला ते उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात आले आणि १६ ऑगस्ट १९८२ला नव्या लातूर जिल्ह्यात. बर्जेससारख्या पुरातत्त्वज्ञाने १८७५-७६च्या मोसमात बिदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतली लेणी-देवळे तपासली. त्याच्या १८७८च्या अहवालात निलंग्याजवळची खरोशाची लेणी आहेत. म्हणजे दगड मोजले गेले. माणसांचे काय? निजाम राज्यातल्या जातीजमातींवर सय्यद सिराज-उल-हसन यांचा ग्रंथ १९२० साली निघाला, त्यात मरीआई, पोचम्मा यांच्या पूजांचे उल्लेख आहेत. पण तो जातवार आहे, गाववार नाही. निलंग्याच्या पिंपळावर कोणता मुंजा होता, तेरणा नदीच्या कुठल्या डोहात आसरा होत्या, हे चौकच्या मास्तरासारखे कोणी लिहून ठेवले नाही. आमच्या भागाच्या भुतांना कागद मिळाला नाही. ही उणीव मला खुपते, कारण आमचा भाग अशा गोष्टींनी गच्च भरलेला आहे.

वेळ अमावस्याच घ्या. मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर, धाराशिव, नांदेडचा हा पट्टा घराला कुलूप लावून शेतात जातो. कडब्याची कोपी उभी करतात. आत पाच दगड मांडतात, चुना लावून पांढरे केलेले. हे पाच पांडव. समोर आंबिलाचे मडके, भज्जी, उंडे, खीर. शेताच्या कडेने नैवेद्य शिंपडतात. संध्याकाळी पेटती पेंढी घेऊन पिकाभोवती फिरतात. सण कर्नाटकातून आला हे सगळ्यांना माहीत आहे, बिदर-कलबुर्गीकडे तो होतोच. पण पांडव का? कोपीत पूजा होते ती पाच वीरांची, की ज्यांना पुढे कोणीतरी पांडव म्हटले अशा शेताच्या पाच रखवालदारांची? आणि त्या दिवशी शेतातल्या मातीला आई म्हणतात ती कोण? हिएदा रेइजिरोची एक आख्खी कथा इथून सुरू होऊ शकते, एकही भूत न दाखवता.

असे प्रश्न विचारणारी माणसे मराठीत विसाव्या शतकाच्या मध्यावर आली, आणि ती फार मोठी माणसे होती. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवत ते शेंदूर फासलेले दगड बघत हिंडायचे. त्या ठाण्यांभोवती अश्मयुगातली बारीक हत्यारे सापडतात, म्हणजे तांडे जिथे एकमेकांना ओलांडत त्या वाटांवर या आया बसल्या आहेत, असे त्यांनी १९६२च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'त मांडले. देवीने मारलेला म्हसोबा दुसऱ्या गावी देवीचाच नवरा कसा होतो, हा त्यांचा प्रश्न आजही अंगावर काटा आणतो. दुर्गा भागवतांनी १९५६ साली 'लोकसाहित्याची रूपरेखा' लिहून या अभ्यासाला मराठीत चौकट दिली. सरोजिनी बाबरांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीतून खंडांमागून खंड काढले. जर्मनीहून आलेला ग्युंथर सोंथायमर धनगरांच्या बिरोबा-म्हस्कोबा-खंडोबामागे आयुष्यभर फिरला. मराठवाड्यात प्रभाकर मांडे यांनी 'गावगाड्याबाहेर'सारख्या ग्रंथांतून भटक्यांचे आणि मागत्यांचे जग उघडले. आमच्याकडचा तो पहिला भक्कम दुवा.

पण या सगळ्यांत कादंबरीच्या नायकासारखा वाटतो तो एकच माणूस. रा. चिं. ढेरे.

त्यांच्या १९७८च्या 'लज्जागौरी'कडे बघा. तेरला, म्हणजे प्राचीन तगरला, लहान लहान मूर्ती सापडल्या आहेत. एक स्त्री, उघडी, पाय फाकून प्रसूतीच्या आसनात बसलेली. आणि तिला डोके नाही. दख्खनमध्ये इतरत्र अशा मूर्तींना डोक्याच्या जागी कमळ असते. ही कोण? इकडे नांदेड जिल्ह्यात माहूरला रेणुका आहे. साडेतीन पीठांतले एक पूर्ण पीठ. गाभाऱ्यात गेलात तर समोर शेंदूर चढलेले प्रचंड मुख दिसते. फक्त मुख. देह नाही. रेणुकेची कथा सगळ्यांना पाठ आहे. जमदग्नीच्या आज्ञेने परशुरामाने आईचे शिर उडवले. एका जागी नुसते शिर पुजले जाते आणि दुसऱ्या जागी शिर नसलेला देह सापडतो, तर या दोघींचा संबंध काय? ढेऱ्यांनी रेणुका, यल्लम्मा, मातंगी, सांतेरी अशा नावांचे धागे उलगडले. वारुळाची पूजा, भूमीचे सर्जन, जोगतिणींचे आचार, संतसाहित्यातल्या ओळी, ताम्रपट, लोकगीते, काहीही वर्ज्य नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक दार उघडते आणि आत आणखी एक खोली असते. ही देवी म्हणजे जन्म देणारी भूमीच, या निष्कर्षाशी येईपर्यंत आपण श्वास धरून वाचत असतो. सोवळ्या पूजेआड झाकलेले, उघड बोलायला लोक लाजतात असे काहीतरी ढेरे शांतपणे उजेडात आणतात, आणि ते करताना भक्ताचा अपमान करत नाहीत. १९८७ साली त्यांना 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कोणत्याही विद्यापीठात मोठी खुर्ची नसलेला हा माणूस पुण्यात ग्रंथांच्या गराड्यात बसून हे करत होता. २०१६ साली तो गेला.

त्याच काळात, त्याच पुण्यात नारायण धारप भयकथा लिहीत होते. १९२५चा जन्म, २००८ला निधन, आणि मधल्या काळात फिरत्या वाचनालयांच्या पेट्यांतून खेडोपाडी पोहोचलेली शंभरावर पुस्तके. त्यांचा नायक समर्थ. आपल्याकडचा अमानवी प्रकरणांचा तपास करणारा सर्वांत लोकप्रिय नायक तोच. कुणाच्या वाड्यात काही घडते, माणसे समर्थांकडे येतात, समर्थ ऐकून घेतात, जातात, त्या शक्तीला सामोरे होतात. युरोपात हा साचा जुना आहे. ले फानूचा डॉक्टर हेसेलियस, ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या 'ड्रॅक्युला'तला व्हॅन हेल्सिंग, ब्लॅकवुडचा १९०८चा जॉन सायलेन्स ही याच घराण्यातली माणसे. धारपांनी इंग्रजी भयसाहित्य भरपूर पचवले होते आणि बरेचसे मराठीत उतरवलेही. तरी समर्थ त्या डॉक्टरांसारखा नाही. त्याच्या नावातच रामदासांची आठवण आहे. तो साधक आहे, त्याच्याजवळ शक्ती आहे, तो जिंकतो. धारपांवर माझे प्रेम आहे. अंधाऱ्या खोलीतली साधी हालचाल शब्दांत कशी पकडावी हे मराठीत त्यांच्याइतके फार थोड्यांना जमले. २०१८च्या 'तुंबाड' चित्रपटामागे त्यांच्याच कथेची प्रेरणा होती. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. समर्थाच्या कथांतले अमानवी बहुतेकदा बेपत्त्याचे असते. ते कुठल्या गावचे, कुठल्या जातीच्या दुःखातले, कुठल्या देवीच्या देवळाआडचे, हे विचारायची समर्थाला गरज पडत नाही, कारण त्याला ते घालवायचे असते.

एकाच शहरात एक माणूस डोके नसलेल्या देवीचा शोध घेत होता आणि दुसरा भयकथांनी महाराष्ट्राची झोप उडवत होता. त्यांचे काम एकमेकांना भेटले असते तर मराठीला आपला हिएदा मिळाला असता. जपानात एन्र्यो आणि यानागिता यांचे ग्रंथ मुलांच्या साप्ताहिकापर्यंत झिरपले. शिगेरू मिझुकीसारख्या चित्रकाराने १९६०च्या दशकापासून योकाईंना घरोघर नेऊन वाट आधीच मोकळी केली होती. आपल्याकडे ढेरे ग्रंथालयात राहिले आणि धारप फिरत्या पेटीत. माझ्या मते मराठी लोकप्रिय साहित्याचे हे विसाव्या शतकातले मोठे नुकसान आहे.

आणि मग एन्र्योंच्या वाटेने जाणारी माणसे आमच्या भागात आली ती भानामतीमुळे.

लातूर, नांदेड, धाराशिव आणि पलीकडचा बिदर-कलबुर्गी हा भानामतीच्या भीतीचा जुना पट्टा. पत्र्यावर दगड पडतात. बंद पेटीतले कपडे पेटतात. ताटातल्या भाकरीवर घाण दिसते. अंगावर फुल्या उठतात. बाया भुंकू लागतात, एकीचे ऐकून दुसरी. 'बाहेरचं झालंय' असे गाव म्हणते, देवरशी येतो, उतारा होतो, आणि बरेचदा कुणातरी एकट्या बाईकडे बोट दाखवले जाते. तिथून पुढे मारहाण, वाळीत टाकणे, गाव सोडायला लावणे. १९८२ साली श्याम मानवांची संघटना उभी राहिली, १९८९ साली नरेंद्र दाभोलकरांची महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती. त्यांच्या कार्यकर्त्यांची पद्धत वाचण्यासारखी आहे. घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळे बोलायचे. प्रकार घडतो तेव्हा कोण कुठे असते याची नोंद करायची. कोण नसताना घडत नाही हे बघायचे. अंगावरच्या फुल्या बिब्ब्याच्या तेलाच्या असू शकतात, कारण ते तेल कातडीला लागले की फोड येऊन काळा डाग राहतो. कपडे पेटण्यामागे पिवळा फॉस्फरस असू शकतो, तो हवेत आपोआप पेट घेतो. दगड मारणारा हात बहुधा घरातलाच निघतो, आणि तो हात फार वेळा घरात ज्याचे कोणी ऐकत नाही अशाच माणसाचा असतो. सुनेचा, लग्न लांबलेल्या मुलीचा, शाळा सुटलेल्या पोराचा. कार्यकर्ते ते नाव कोणालाही सांगत नाहीत. समजूत घालतात, औषधोपचाराची वाट दाखवतात, प्रकार थांबतो.

हे काम अमोल आहे. त्याची किंमत दाभोलकरांनी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात जिवाने मोजली. त्यानंतर चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्याच डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणे, चटके देणे, कुणावर करणीचा आळ घेणे हा आज महाराष्ट्रात गुन्हा आहे. याबाबत तडजोड नको.

मात्र प्रकार थांबला की गोष्टही तिथेच पुसली जाते. भुंकणारी बाई नेमके काय बोलली? अंगात आलेल्या देवीने कुणाचे नाव घेतले, काय मागितले? मराठीत बोलली की कानडीत? करणीचा आळ ज्या बाईवर आला ती विधवा होती का, तिच्या नावावर शेत होते का? एवढी टिपणे नाव-गाव झाकूनही ठेवता येतात. ती ठेवली तर शंभर वर्षांनी कुणाला कळेल की १९८०-९०च्या दशकांत मांजरा-तेरणेच्या खोऱ्यात माणसे कशाला भीत होती आणि त्या भीतीतून काय सांगू पाहत होती. अशा नोंदींनी अंधश्रद्धा वाढेल अशी काळजी काहींना वाटते. ती काळजी रास्त आहे. पण यानागितांनी काप्पाची गोष्ट लिहिली म्हणून तोनोचा कोणी माणूस मारला गेला नाही. माणसे मारली जातात ती गोष्ट कुणी नीट ऐकून न घेता तिचा न्याय करायला बसते तेव्हा.

शिवाय आमच्याकडे वेळ थोडा आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. औसा, उमरगा, निलंगा भागात आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. तेरणेकाठची कित्येक गावे जुन्या जागेवरून उठून सरळ रस्त्यांच्या, क्रमांक घातलेल्या घरांच्या नव्या वसाहतींत गेली. घर हलवता येते. वेशीवरचा म्हसोबा, पांढरीची मरीआई, आडावरच्या सात आसरा कशा हलवतात? कोणत्या गावाने देव बरोबर नेले, कोणी जुन्या गावठाणात ठेवून वर्षाला नैवेद्य द्यायची वाट धरली, कोणी नव्याने स्थापले, याचा तपशील गावागणिक निराळा असणार. त्या पहाटे जी माणसे तिशी-चाळिशीत होती ती आज साठी-सत्तरीत आहेत. देव हलवताना काय बोलले गेले हे सांगणारी ती शेवटची पिढी.

हे काम करायला परदेशी पंडित लागत नाही की समर्थासारखी शक्तीही लागत नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या मराठी विभागांनी आणि निलंगा, औसा, देवणी, शिरूर अनंतपाळ तालुक्यांतल्या शाळांच्या गुरुजी-बाईंनी एकेक गाव वाटून घ्यावे. देवाचे नाव, जागा, सांगणाऱ्याचे वय, भाषा, तारीख आणि त्याच्याच शब्दांत गोष्ट, एवढेच लिहावे. खरे-खोटे ठरवायची घाई नको. कुणाला त्रास होईल असे नाव कागदावर येऊ देऊ नये, आणि कुठे आजही एखाद्या बाईवर करणीचा आळ येत असेल तर वही मिटून आधी पोलीस ठाणे गाठावे. वह्या भरल्या की त्यांच्या प्रती तालुक्याच्या वाचनालयात ठेवाव्यात. त्यातून पुढे कोणी चित्रकथा काढेल, कोणी प्रबंध लिहील. सुरुवात मात्र येत्या उन्हाळ्याच्या सुटीतच करा, कारण सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.